कॅश काउंटरवरच्या नोकरीचं पुढे काय? नाशिकच्या एका पदवीधराला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वय २३, बी.कॉम., घर निफाड तालुक्यात, सध्या राहणं नाशिकला. वर्षभर बँक क्लार्कच्या परीक्षांचा अभ्यास सुरू आहे. मध्येच एका खासगी बँकेच्या शाखेत एजन्सीमार्फत कॅश काउंटरवर बसायची संधी आली. घरचे म्हणतात, हातचं सोडू नकोस. मित्र म्हणतात, यूपीआय आणि मशिनांमुळे कॅशियर पाच-दहा वर्षांत उरणारच नाही, मग त्यात वर्षं कशाला घालवतोस? यातलं काय खरं धरायचं?

दोघांच्याही बोलण्यात अर्धं खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. रोकड मोजून घेणं-देणं हे काम आहे आणि क्लार्क हे पद आहे. काम झपाट्याने आटतंय. पद त्या वेगाने आटत नाही, कारण सरकारी बँका नुसता 'कॅशियर' म्हणून कुणाला घेतच नाहीत. स्टेट बँकेत भरती होते ती ज्युनिअर असोसिएट म्हणून. उरलेल्या ११ सरकारी बँकांत ती आयबीपीएस या सामाईक परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत होते आणि २०२५ पासून त्या पदाचं नावच 'क्लार्क'ऐवजी 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं आहे. नाव बदललं यातच बँकांच्या मनात काय आहे ते दिसतं. त्यांना सकाळी कॅशवर, दुपारी केवायसीवर आणि संध्याकाळी खातं उघडायच्या टेबलावर बसू शकणारा माणूस हवा आहे. म्हणून तयारी त्या पदाची करा. कॅशची खिडकी हा त्या पदातला पहिला, महत्त्वाचा, पण छोटा टप्पा आहे.

इंटरनेटवर 'टेलरची', म्हणजे बँकेच्या कॅश काउंटरवर बसणाऱ्याची, 'नोकरी संपणार' असे जे लेख फिरतात, त्यातले बरेचसे अमेरिकेच्या आकड्यांवर उभे असतात. तिथल्या श्रम सांख्यिकी विभागाने २०२३ ते २०३३ या दहा वर्षांत टेलरच्या जागा सुमारे १५ टक्क्यांनी घटतील असा अंदाज दिला आहे. पण तिथला टेलर बहुधा तासाच्या हिशेबाने पगार घेतो आणि त्याचं काम खिडकीपुरतंच असतं. इथला क्लार्क बँका आणि कर्मचारी संघटनांमधल्या द्विपक्षीय वेतन कराराखाली येतो, त्याला बढतीची ठरलेली वाट असते आणि त्याची बदली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर रोज होऊ शकते. तो आकडा उचलून नाशिकला लावता येत नाही.

इथले आकडे पाहा. स्टेट बँकेने डिसेंबर २०२४ च्या जाहिरातीत ज्युनिअर असोसिएटच्या १३,७३५ जागा काढल्या, २०२५ मध्ये ६,५८९. आयबीपीएसच्या क्लार्क जाहिरातीत २०२३ ला सुरुवातीला ४,०४५ जागा होत्या, २०२४ ला ६,१२८ आणि २०२५ ला १०,२७७. हे देशभरातले आकडे आहेत. ते वर-खाली होतात, म्हणून एका वर्षाची जाहिरात पाहून 'भरती संपली' किंवा 'भरती वाढली' असा निष्कर्ष काढू नका.

या जागा येतात कुठून, हे समजून घेतलं तर पुढचा अंदाज स्वतःचा स्वतः बांधता येतो. १९७० आणि ८० च्या दशकांत बँकांनी प्रचंड क्लार्कभरती केली. पुढे संगणक आले, भरती जवळपास थांबली आणि २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतले एक लाखाच्या आसपास लोक बाहेर पडले. त्या जुन्या पिढीतले उरलेलेही गेल्या दहा-बारा वर्षांत निवृत्त झाले आणि २०११ पासून आयबीपीएसच्या सामाईक परीक्षेने ती पोकळी भरत आणली. म्हणजे निवृत्तीची मोठी लाट आता ओसरली आहे. आजच्या जागा मुख्यतः क्लार्क अधिकारी झाल्याने आणि तरुण मुलं दुसरी नोकरी लागल्यावर सोडून गेल्याने तयार होतात. त्यात बँकांची विलीनीकरणं झाली: १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या, आज सरकारी बँका १२ उरल्या आहेत, आणि एका चौकात दोन शाखा असतील तर त्यातली एक बंद होते. माझा अंदाज असा की पुढची दहा वर्षं भरती चालू राहील, पण गेलेल्या प्रत्येक क्लार्कमागे नवा क्लार्क येणार नाही. पहिल्या पाच वर्षांत अधिकारी व्हायची तयारी ठेवणाऱ्याला हे क्षेत्र चांगलं आहे. ३५ वर्षं त्याच खिडकीत बसायचं ठरवून येणाऱ्याला नाही.

आता रोकड. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात २,००० कोटींच्या पुढे गेले. त्याच वेळी देशात चलनात असलेल्या नोटांचं मूल्य नोव्हेंबर २०१६ च्या सुमारे १८ लाख कोटी रुपयांवरून मार्च २०२५ पर्यंत ३६ लाख कोटींच्या वर गेलं आहे. दोन्ही एकदमच वाढलं. पानपट्टी, रिक्षा, भाजी यांचे सुटे पैसे फोनवर गेले, पण साठवणीची आणि मोठ्या व्यवहाराची रोकड राहिली. बदलली ती तिची वाट. पूर्वी सगळी रोकड खिडकीतून जायची. आता लहान भरणा आणि लहान विड्रॉल मशीनमध्ये होतात, पासबुक किऑस्कवर छापलं जातं, खेड्यात बँक मित्र आधार आणि अंगठ्यावर पैसे देतो. खिडकीकडे उरतं ते मशीनला न जमणारं: व्यापाऱ्याचा मोठा भरणा, चिल्लर, फाटक्या-भिजक्या नोटा, अंगठा न उमटणारी आजी, वारसाचा दावा, 'पैसे आले म्हणून मेसेज आला पण खात्यात दिसत नाहीत' अशी तक्रार. माणसं कमी येतात, पण प्रत्येकाला वेळ जास्त लागतो.

हे चित्र नाशिकमध्ये भागागणिक बदलतं, आणि तुमच्या निर्णयात ते यायला हवं. कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड या पट्ट्यात शाखा दाट आहेत, ग्राहक फोनवरच सगळं उरकतो आणि शाखेतला माणूस हळूहळू विक्रीकडे ढकलला जातो. सातपूर आणि अंबडला कामगारांचे पगार थेट खात्यात जमा होतात. तिथे एटीएमवर गर्दी असते, काउंटरवर तेवढी नाही. नाशिकरोडला नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसचे आणि ओझरला विमानं बनवणाऱ्या एचएएलचे निवृत्त कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. पेन्शनचे पहिले चार-पाच दिवस आणि हयातीच्या दाखल्याचा नोव्हेंबर महिना तिथे काउंटर ओसंडतो. मेन रोड, रविवार कारंजा, पंचवटी हा जुना बाजार. तिथे व्यापाऱ्याचा रोजचा भरणा अजून पिशवीतून येतो.

खरी रोकड तालुक्यात आहे. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतला कांदा-टोमॅटोचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात आले तरी मजुरी, गाडीभाडं, खत यासाठी तो रोख काढतो. द्राक्षाच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, निफाड आणि दिंडोरीच्या शाखांत हाच ताण येतो. मालेगावात यंत्रमागाची मजुरी आठवड्याला होते. पेठ, सुरगाणा, कळवण भागात सरकारी योजनांचं अनुदान हाच मोठा व्यवहार असतो. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाल्यावर आधार जोडणी, बंद पडलेली खाती पुन्हा चालू करणं आणि केवायसी यांचा केवढा लोंढा शाखांवर आला, ते जिल्ह्यातल्या कुठल्याही क्लार्कला विचारा. आणि २०२७ च्या सिंहस्थात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या पर्वण्यांच्या काळात, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या शाखांना सुट्या नोटांची आणि चिल्लरीची तजवीज महिनोन्‌महिने आधी करावी लागेल. पुढच्या दहा वर्षांत खिडकी सर्वांत शेवटी कुठे बंद होईल असं विचाराल तर माझं उत्तर लासलगाव, मालेगाव आणि सुरगाणा. कॉलेज रोड नाही. शहरातच पोस्टिंग हवं असा हट्ट धरणारे उमेदवार नेमकी टिकाऊ जागा नाकारतात.

आता खिडकीतलं काम नक्की कसं असतं ते सांगतो. झेपेल का हे आधी कळलं पाहिजे, आणि मशीन त्याची जागा पूर्णपणे का घेत नाही तेही यातूनच कळतं.

सकाळी स्ट्राँगरूम दोन किल्ल्यांनी उघडते, एक अधिकाऱ्याकडे आणि एक हेड कॅशियरकडे. एकट्याला ती उघडता येत नाही, आणि 'जरा माझी किल्ली धर' असं कुणी म्हटलं तरी धरायची नाही. तुम्हाला दिवसाची रोकड रजिस्टरवर सही करून मिळते. सही करण्याआधी ती मोजायची, वरच्या पट्टीवरचा आकडा वाचून नाही. १०० नोटांची एक गड्डी, दहा गड्ड्यांचं एक बंडल. गड्डीत ९९ निघाली तर सही केल्यानंतर ती एक नोट तुमच्या खिशातून जाते.

भरणा घेताना आधी मोजा, मग एंट्री करा. विड्रॉलला उलट: आधी एंट्री, मग पैसे. हा क्रम मोडला की तूट आलीच म्हणून समजा. घाईत पैसे देऊन टाकले आणि नंतर कळलं की खात्यात शिल्लकच नाही, किंवा खातं गोठवलेलं आहे, तर वसुलीसाठी माणूस शोधत फिरावं लागतं. दुसरी नेहमीची चूक शून्याची. ५,००० चा भरणा ५०,००० म्हणून पडतो, ग्राहक संध्याकाळपर्यंत ते यूपीआयने काढून मोकळा होतो. तिसरी, दोन ग्राहकांची रोकड एकाच वेळी टेबलावर. पहिल्याची पूर्ण मोजून, स्लिपच्या मागे ५०० × किती, २०० × किती, १०० × किती असं लिहून ड्रॉवरमध्ये गेल्याशिवाय दुसऱ्याची हातात घेऊ नका. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही तर त्या मागच्या बाजूच्या आकड्यांवरूनच चूक सापडते. ते लिहायचा कंटाळा करणारा रात्री आठपर्यंत शाखेत बसतो.

तूट निघाली तर ती सामान्यतः कॅशियरला भरावी लागते. जास्त निघाली तर ती त्याच दिवशी बँकेच्या ठरलेल्या खात्यात जमा करायची. उद्याची तूट भरायला बाजूला ठेवली तर, रक्कम पन्नास रुपये असली तरी, तो गैरव्यवहार ठरतो. नव्या मुलांच्या नोकऱ्या अशा किरकोळ रकमेत जातात. हेतू वाईट नसतो, नियम कुणी सांगितलेला नसतो.

खोट्या नोटेचा नियम पाठ हवा. नोट खोटी निघाली की ती ग्राहकाला परत करायची नाही, कितीही ओळखीचा असला तरी. तिच्यावर बनावट नोट जप्त केल्याचा ठरलेला शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंद करायची, ग्राहकाला पोच द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत निघाल्या तर महिन्याअखेरीस एकत्रित अहवालासह पोलिसांकडे जातात. पाच किंवा जास्त निघाल्या तर लगेच पोलीस ठाण्यात एफआयआर. 'जाऊ दे, परत घेऊन जा' असं म्हणून नोट परत देणारा कॅशियर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने स्वतःच त्यात गुंतलेला धरला जातो. १०० आणि त्यावरच्या नोटा मशीनवर तपासल्याशिवाय पुन्हा वाटायच्याही नाहीत. तरी हाताची ओळख लागतेच. ५०० च्या नोटेचा सुरक्षा धागा तिरकी केली की हिरव्याचा निळा होतो, दोन्ही कडांना पाच तिरक्या उठावाच्या रेघा बोटाला लागतात. २०० आणि १०० ला चार असतात. ज्या शहरात १९२८ पासून करन्सी नोट प्रेस चालते, तिथल्या मुलाला हे डोळे मिटून आलं पाहिजे.

फाटक्या नोटांवरून काउंटरवर सर्वांत जास्त भांडणं होतात, आणि तिथे नियम अगदी स्पष्ट आहे. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा मूळ क्षेत्रफळाच्या ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याखाली काहीच नाही. २० रुपये आणि त्याखालच्या नोटेला निम्मे पैसे हा प्रकारच नाही. तुकडा अर्ध्याहून मोठा असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य. ५०० ची नोट ६६ × १५० मिलिमीटर, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. पूर्ण किमतीला ८० आणि निम्म्या किमतीला ४० चौरस सेंटिमीटर तुकडा लागतो. पट्टी लावून ग्राहकाच्या समोर मोजलं की आवाज आपोआप खाली येतो.

चेक असेल तर तारीख तीन महिन्यांच्या आतली, अक्षरी आणि अंकी रक्कम एकच, खाडाखोड नाही, क्रॉस केलेल्या चेकवर रोख द्यायची नाही. रोख भरणा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर पॅन, नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म. मर्यादेच्या जरा खालचीच रक्कम पुन्हा पुन्हा भरणारं खातं अधिकाऱ्याच्या कानावर घालायचं. चेक क्लिअरिंगही बदललं आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत पुढे पाठवले जातात आणि त्याच दिवशी निकाल लागतो, त्यामुळे 'उद्या बघू' म्हणून चेकचा गठ्ठा बाजूला ठेवायची सवय आता चालत नाही.

आता तुमच्या हातातल्या संधीबद्दल. खासगी बँकेत काउंटरवर बसणारे दोन प्रकारचे असतात: बँकेच्या स्वतःच्या पगारपत्रकावरचे आणि एजन्सीचे. तुमची दुसऱ्या प्रकारची आहे. ती वाईटच असेल असं नाही, पण सही करण्याआधी पाच गोष्टी लेखी मिळवा. नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं आहे. पीएफ कापणार का आणि यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, कोण काढणार. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, लाभ आहे का. कॅशची तूट कुणाकडून, कशी आणि कुठल्या मर्यादेपर्यंत वसूल होणार. आणि विमा, क्रेडिट कार्ड, म्युच्युअल फंड यांचं टार्गेट कॅशियरलाही आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि तिसऱ्या महिन्यात पस्तावतात. चार वाजता काउंटर बंद झाल्यावर सात वाजेपर्यंत फोन करत बसायचं असेल तर परीक्षेचा अभ्यास होणार नाही, हे सरळ धरून चाला.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका. नोकरीआधी 'ट्रेनिंग फी' म्हणून मोठी रक्कम मागणारा, आणि त्यासाठी कर्जही तिथेच काढून देणारा मार्ग, तुमच्यासारख्या परीक्षा देणाऱ्या उमेदवाराने टाळावा. नोकरी सोडली तरी हप्ता सुटत नाही, आणि हप्ता थकला तर त्याचा फटका पुढे कुठे बसतो ते खाली येतंच आहे.

माझा सल्ला असा: टार्गेट नसेल, सुटी वेळेवर होत असेल आणि तुटीची अट मर्यादित असेल, तर घ्या, पण दोन भरती-फेऱ्यांपुरतीच. कॅश हाताळल्याचा अनुभव उपयोगी पडतो, सरकारी परीक्षेत मात्र त्याला गुण नाहीत. या अटी पूर्ण होत नसतील तर त्यापेक्षा सरकारी बँकांची अप्रेंटिस (प्रशिक्षणार्थी) भरती पाहा. ती एक वर्षाची असते, नोकरीची हमी नसते, स्टेट बँकेत महिना १५,००० विद्यावेतन मिळतं. स्टेट बँकेचं प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला तिथल्याच ज्युनिअर असोसिएटच्या मुख्य परीक्षेत २०० पैकी ५ गुणांचं वजन मिळतं. ५ गुण म्हणजे कटऑफच्या गर्दीत फार मोठी गोष्ट. मात्र एक वर्षाचा अप्रेंटिस अनुभव एकदा झाला की दुसऱ्या बँकेत पुन्हा अप्रेंटिस होता येत नाही, म्हणून बँक विचार करून निवडा.

नागरी सहकारी बँकाही विसरू नका. नाशिकला त्यांची जुनी परंपरा आहे: नाशिक मर्चंट्स, नाशिकरोड देवळाली व्यापारी, विश्वास अशा बँकांत आजही ग्राहक काउंटरवर येऊन नावाने हाक मारतो. तिथे पगार सरकारी बँकेपेक्षा कमी, पण बदली जवळच्या जवळ. कुठल्याही सहकारी बँकेत अर्ज करण्याआधी ताळेबंदातलं निव्वळ एनपीए (थकलेल्या कर्जांचं प्रमाण) पाहा आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर त्या बँकेवर निर्बंध आहेत का तपासा. दहा मिनिटांचं काम आहे. जीडीसी अँड ए ही राज्याच्या सहकार खात्याची पदविका केलेली असेल तर या क्षेत्रात वजन पडतं. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिथल्या ठेवींना पाच लाखांचं विमा संरक्षण नाही, आणि तिथे कॅशियर म्हणून बसलात तर संस्था अडचणीत आल्यावर ठेवीदार आधी तुमच्या दारात येतो.

पगाराचं सांगतो. मार्च २०२४ मध्ये सही झालेल्या १२ व्या द्विपक्षीय करारानुसार क्लार्कची मूळ वेतनश्रेणी २४,०५० पासून सुरू होऊन ६४,४८० पर्यंत जाते. स्टेट बँकेत पदवीधराला दोन वाढीव वेतनवाढी मिळून सुरुवात २६,७३० पासून होते आणि बँकेच्या जाहिरातीत मुंबईसारख्या महानगरासाठी एकूण पगार ४६,००० च्या आसपास दिलेला असतो. नाशिकला घरभाडं आणि शहरभत्त्याच्या फरकाने थोडा कमी. हा करार ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे, म्हणजे तुम्ही लागल्यावर लवकरच पुढच्या कराराची बोलणी सुरू असतील.

परीक्षेची बाजू थोडक्यात. पूर्वपरीक्षा १०० प्रश्न, ६० मिनिटं: इंग्रजी ३०, अंकगणित ३५, बुद्धिमत्ता ३५. चुकीला पाव गुण जातो. पूर्वपरीक्षा फक्त चाळणी आहे, निवड मुख्य परीक्षेच्या गुणांवर होते, मुलाखत नाही. प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच असतो आणि ग्रामीण भागातली हुशार मुलं तिथेच अडकतात. गणितात ३० गुण मिळवणारा इंग्रजीत १० वर थांबतो आणि बाहेर पडतो. रोज एक इंग्रजी संपादकीय आणि १५ प्रश्न वेळ लावून सोडवा. याला पर्याय नाही. मुख्य परीक्षेत आर्थिक घडामोडींचा विभाग सर्वांत कमी वेळात सर्वांत जास्त गुण देतो, आणि बी.कॉम.वाल्यांनी त्याकडे दुर्लक्ष करणं हे मला कधी समजलेलं नाही. ग्रामीण बँकांच्या ऑफिस असिस्टंट पदाचा अर्जही भराच. तिथल्या पूर्वपरीक्षेत इंग्रजी नाही, फक्त बुद्धिमत्ता आणि अंकगणित ४०-४०, ४५ मिनिटांत. १ मे २०२५ पासून राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे, त्यामुळे निवड झाल्यावर पोस्टिंगचा नकाशाही मोठा झाला.

वयाची मर्यादा क्लार्कला २० ते २८, ओबीसींना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत. म्हणजे खुल्या गटातूनही तुमच्या हातात चार-पाच फेऱ्या आहेत. सगळ्या वापरायच्या असं नाही. दोन फेऱ्यांत मुख्य परीक्षेपर्यंतही पोचला नाहीत तर अभ्यासाची पद्धत बदला किंवा वाट बदला.

निवड झाल्यावर पहिली दोन वर्षं कॅश मनापासून करा. शाखेतला प्रत्येक माणूस, प्रत्येक खातं, प्रत्येक व्यापारी तिथे ओळखीचा होतो. त्याच काळात जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या व्यावसायिक परीक्षेचे चार पेपर द्या. त्याची एक वेतनवाढ मिळते, पुढे तिच्या वरच्या सीएआयआयबी परीक्षेच्या दोन. मग कर्जाच्या टेबलावर बसायची संधी मागून घ्या. पीककर्जाचं नूतनीकरण, सोनेतारण, सातबारा वाचणं, त्यावर कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं हे निफाड-दिंडोरीच्या शाखेत ज्याला येतं, त्याची गरज कॅश रिसायकलर (रोकड घेणारं आणि देणारं मशीन) बसवल्यावरही कमी होत नाही. पात्र झालात की बढतीची परीक्षा पहिल्या खेपेलाच द्या. बदलीच्या भीतीने ती टाळणारे बरेच आहेत, आणि खिडकी आटत जाण्याचा सर्वांत जास्त त्रास त्यांनाच होणार आहे.

राहिली कागदपत्रं. हुशार मुलं परीक्षेत नाही, इथे जातात. बँका केंद्राच्या आरक्षणाने चालतात. राज्याने मराठा समाजाला दिलेलं एसईबीसी आरक्षण तिथे लागू नाही. मराठा उमेदवाराला अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएसमधून (आर्थिक दुर्बल घटकातून) अर्ज करावा लागतो, कुणबी दाखला असेल तर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर. ईडब्ल्यूएसला कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेतजमीन पाच एकरांपेक्षा कमी असावी लागते. निफाडकडच्या घरांत उत्पन्न बसतं पण वडिलांच्या नावावरच्या सातबाऱ्याने दाखला अडतो, म्हणून अर्ज भरण्याआधी जमिनीची बेरीज करा. दाखला जाहिरातीत सांगितलेल्या वर्षाचा आणि केंद्राच्या नमुन्यातलाच हवा. तहसील कार्यालयात मागताना 'केंद्र सरकारच्या नोकरीसाठी' असं अर्जावर स्पष्ट लिहा. दहावीला मराठी विषय होता याची गुणपत्रिका जवळ ठेवा, स्थानिक भाषेच्या चाचणीच्या वेळी लागते.

आणि आजच सिबिलचा, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाचा, अहवाल काढून पाहा. निवड झालेल्या उमेदवाराचा कर्जाचा इतिहास बँका रुजू करून घेताना तपासतात. मोबाइलच्या हप्त्याचे राहिलेले ८०० रुपये, मित्रासाठी ॲपवरून काढलेलं पाच हजारांचं कर्ज, बंद केलेलं क्रेडिट कार्ड ज्याची फी थकली, एवढ्यावरही नेमणूक अडते. थकबाकी असेल तर भरा, त्या संस्थेकडून 'काही देणं नाही' असं पत्र घ्या, आणि महिना-दीड महिन्याने अहवालात नोंद बदलली का ते पुन्हा तपासा.